लिंबं मागच्या चाकाखाली

कळमनुरीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजारणीला विचारावं, आणि कोण कुठं जाऊन आलं हे कोंडीबाला. म्हणजे विचारून उपयोग काही नाही, तो सांगत नाही. पण त्याला ठाऊक असतं.

नांदेड रोडवर बी-बियाण्याच्या दुकानाला लागून त्याची पत्र्याची शेड आहे, 'नागनाथ टायर्स'. गिऱ्हाईक आलं की कोंडीबा तोंड बघत नाही, आधी खाली वाकतो. नवख्या माणसाला वाटतं, काय संस्कार आहेत, पाया पडून राहिला. तो टायरवरून हात फिरवत असतो. दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या की समजायचं, हा हवा भरायला आळशी. मधलाच पट्टा गुळगुळीत असला तर याला हवा जास्त भरायची हौस, गाडीतही आणि बोलण्यातही. एक पुढारी दर गुरुवारी 'हिंगोलीला साहेबांकडं बैठक हाय' असं घरी सांगून निघायचे. शुक्रवारी त्यांच्या टायरच्या खाचांत बरोबर उलट्या दिशेच्या क्रशरची निळी खडी अडकलेली असायची. कोंडीबानं ती एकेक उकरून काढली, कचऱ्यात टाकली आणि चहा सांगितला. बस. एवढा ऐवज त्या माणसाच्या हातात, आणि तोंडातून हवासुद्धा सुटत नाही. टायरवाल्याला हे शोभतं, पण गावाचं केवढं नुकसान.

वय अडतीस, लग्न नाही. बाप मेंढरं घेऊन माळ फिरायचा. हा बारावी होऊन टायरच्या दुकानात कामाला लागला. पुढं दुकान स्वतःचं झालं, दोन बहिणींची लग्नं लावून झाली, आणि मान वर करून बघतो तर बरोबरीच्यांची लेकरं दहावीला. स्थळं येत नव्हती असं नाही. पण स्थळ सांगायला आलेल्या पाहुण्याच्या मोटारसायकलचं मागचं चाक बघत बसणाऱ्या माणसाला सांगायचं तरी काय.

शिवाय सोमवारची भानगड होती.

सोमवारी सकाळी डॉक्टर संगिता गाडीत हवा भरायला यायची. ही सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. वीस-पंचवीस गावांची शेळ्या-मेंढरं, गायी-म्हशी तिच्या हाताखालची. पांढरी छोटी गाडी, आणि ती अशी हाणायची की रस्त्यावरच्या कोंबड्या तिला हॉर्नवरून ओळखत. वय पस्तीस, बाप वारलेला, घरात आई कौशल्याबाई आणि मत द्यायला भरपूर नातेवाईक. दोन पिढ्या मागं या दोघांच्याही आज्यांची मेंढरं एकाच माळावर चरलेली. तर ही दर सोमवारी हवा भरायची. एवढी हवा विमानालाही लागत नाही. आणि गावानं आणखी एक गोष्ट हेरून ठेवली होती. अख्खा तालुका त्याला 'कोंडीबाभाऊ' म्हणतो, ही नुसतं 'कोंडीबा' म्हणायची. आता एखाद्या पुरुषाला बाई भाऊ म्हणायचं टाळते, तेव्हा शहाण्यानं काय समजायचं ते समजावं. कोंडीबानं मात्र काही समजून घेतलं नाही. कुठं ती डॉक्टर आणि कुठं आपण, असं म्हणून तो काटा बघायचा, तेहतीस हवा भरायचा आणि टोपण लावायचा.

जानेवारीत संगिताला बारावं स्थळ आलं. आधीची अकरा तिनं परत पाठवली होती. हे बारावं म्हणजे हिंगोलीचा कंत्राटदार शिवहार. माणूस वाईट नव्हता. दिलदार, खाऊन-पिऊन सुखी, फक्त स्वतःबद्दल बोलायला लागला की थांबायची खूण त्याला सापडत नसे. आठ माणसं घेऊन आपल्या उंचच उंच गाडीतून तो आला. पोहे झाले. अंगणात उभ्या असलेल्या संगिताच्या गाडीकडं बघून त्यानं कौतुकानंच म्हटलं, "म्याडम, तुमची गाडी भाजी आणायला झ्याक हाय."

संगितानं चहाचा कप खाली ठेवला. "आन तुमची?"

"आमची डोंगर चढती."

"डोंगर ऱ्हाऊ द्या. खेमाजीच्या लेआउटवर सरळ रस्ता हाय, दोनशे मीटरचा. तीन फेऱ्या मारू. दोन तुमी जितल्या तर मी व्हय म्हणते. दोन मी जितल्या तर या घरानं माझ्यासाठी पुन्हा एकबी स्थळ आणायचं न्हाई."

संगिताच्या मामा लोकांनी एकमेकांकडं बघितलं. ही छोटी गाडी त्या धुडाला काय हरवणार, असा त्यांचा साधा हिशेब. म्हणजे पोरगी न भांडता उजवत होती. त्यांनी पटकन मान डोलावली. शिवहारनंही हसत शब्द दिला. संगितानं रागात बोललेलं होतं, पण बोललेलं होतं.

खेमाजीचं लेआउट म्हणजे गावाबाहेरची मोठी करमणूक. दोनशे प्लॉट, डांबरी रस्ते, विजेचे खांब, 'गार्डन' अशी पाटी, आणि घर एकही नाही. माणसं यावीत, जागा बघावी म्हणून खेमाजीनं फेब्रुवारीत गाड्यांच्या शर्यती ठेवल्या होत्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. हेल्मेट पाहिजे, दोरखंडाच्या आत माणूस नको, आणि गाडी रोजच्या वापरातली, रस्त्यावरची. लोकांनी त्याला लगेच, बैलांच्या शर्यतीचा असतो तसा, गाड्यांचा शंकरपट असं नाव देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, तरी संगिता दुकानात हजर. वार चुकला हे शेजारच्या बियाणेवाल्यानं नोंदवून ठेवलं. तिनं झालेलं सगळं सांगितलं. कोंडीबा टायरकडं बघत ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्यानं लावलेलं टोपण पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं.

"माझी गाडी एकदम दाबली की पुढची चाकं जाग्यावरच फिरत्यात," संगिता म्हणाली. "सुटतानाच मार खाते मी. टायर तुमी निवडा, कोंडीबा. तुमी म्हणाल ते बसवू."

म्हणजे बारावं स्थळ कोंडीबाच्या अंगठ्याखाली आलं. टायर चुकला तर ही हिंगोलीला. बरोबर निघाला तर हिच्या घरी स्थळाचं दार कायमचं बंद. हरली तर शिवहारची, जितली तर कुणाचीच नाही. हे गणित गावानं त्याच दिवशी पानटपरीवर सोडवलं आणि कोंडीबाची कीव करत दोन-दोन पानं जास्त खाल्ली. कोंडीबानंही सोडवलं असणार. पण त्यानं एवढंच विचारलं, की तुमाला काय व्हावं वाटतं. तिनं सांगितलं, जितावं वाटतं. मग तो जितायच्या मागं लागला.

सल्ले चहूकडून आले. सगळ्यांचं एकच, रुंद टायर टाका. जेवढा रुंद तेवढा जमिनीला धरतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. कोंडीबाला ते कळत नव्हतं. छोट्या रिंगवर रुंद टायर बसवला की त्याचं पोट फुगतं आणि तो मधोमधच टेकतो, वर जड असतो तो वेगळाच. इंजिनाचा जीव केवढा, त्यानं आधी टायर फिरवायचा की गाडी ओढायची? संगिताच्या गाडीला होते ते टायर माप म्हणून बरोबर होते, पण टणक. खेड्यापाड्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकावे असे निवडून त्यानंच बसवलेले. टिकणारा टायर धरत नाही आणि धरणारा टिकत नाही, हे त्याला संसार न करताच कळलेलं होतं.

दोघं याच्यावर बोलत बसले. संगिता उलट्या ठेवलेल्या जुन्या टायरवर, कोंडीबा जमिनीवर. बोलता बोलता तिनं शेळीचं उदाहरण दिलं. म्हणाली, लोकाला वाटतं शेळी खडकावर टणक खुरानं चढती. टणक असती ती बाहेरची कड. आत मऊ गादी असती, ती खडकाला चिकटती. कोंडीबानं लहानपणी शंभर शेळ्यांचे पाय धरले होते, ते त्याच्या बोटांना आठवलं. म्हणाला, "मंग आपल्याला कड टणक आन तळवा मऊ पाहिजे. माप हेच. आन जरा झिजलेला."

"झिजलेला काहून?"

"नव्याच्या नक्षीचे गट्टू उंच असत्यात. दाब पडला की वाकत्यात, डुलत्यात. अर्धा झिजला की बसका व्हतो, डुलत न्हाई. पावसात त्यो कामाचा न्हाई, पण आपल्याला कोरड्यातच पळायचंय."

मग तो नांदेडला गेला आणि जुन्या टायरच्या ढिगात दोन दिवस बसला. टायरच्या कडेवर चार आकडी जन्मतारीख असते, कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी. ती तो आधी वाची. म्हातारा टायर दिसायला गुबगुबीत असला तरी रबर दगड झालेलं असतं. मग कडेवरच छापलेला झिजेचा आकडा बघायचा, तो जेवढा लहान तेवढा टायर मऊ. मग अंगठ्याचं नख दाबायचं आणि खूण किती वेळ राहते ते मोजायचं. ढिगाच्या मालकानं विचारलं, काय भाऊ, टायर घेऊन राहिले का पोरगी बघून राहिले? कोंडीबा लाजला. संध्याकाळी जोडी सापडली. एकाच आठवड्यात जन्मलेले दोन सख्खे भाऊ, दोन वर्षांचे, अर्धे झिजलेले, नख दाबलं तर खूण सावकाश भरून येणारे. कुठं चीर नाही, फुगा नाही, ठिगळ नाही.

ते पुढं बसवले. पुढंच का, तर संगिताची गाडी पुढच्या चाकांनी ओढते. मागची चाकं नुसती वरातीत चालणारी. मग रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी लेआउटवर दोघांचा सराव. खेमाजीची परवानगी होती, आणि खेमाजीची बायको रोज त्याच वेळी तिकडं फिरायला जायला लागली, ती तब्येतीसाठी म्हणे. कोंडीबा टायरवर आडवी खडूची रेघ मारायचा, संगिता गाडी सोडायची, मग वाकून बघायचा. मधला खडू पुसला आणि कडेचा राहिला म्हणजे हवा जास्त. रोज थोडी कमी करत करत चोवीसवर रेघ सारखी पुसायला लागली. मागं छत्तीस ठेवली, म्हणजे मागची चाकं हलकी लोळतील. घरी निघताना चारही पुन्हा तेहतीस, त्याशिवाय तो तिला रस्त्यावर जाऊ देत नसे. क्लच एकदम सोडायचा नाही हे तिला त्यानं आवाजावरून शिकवलं. टायर जरासा कुजबुजला पाहिजे, बोंबलला की गेला.

शर्यतीला चार दिवस राहिले आणि दुकानासमोर शिवहारची उंच गाडी येऊन थांबली. त्यानं खास नवे टायर टाकले होते, चिखलातले, हातभर रुंद, ढेकळासारख्या नक्षीचे, कडेला पांढरी अक्षरं. उतरून तो म्हणाला, "कोंडीबाभाऊ, तालुक्यात तुमच्यासारखा टायर कळणारा न्हाई. खरं सांगा, हे बराबर हायत का?"

बियाणेवाला हातातलं पोतं तसंच धरून उभा राहिला.

कोंडीबा वाकला. हात फिरवला. एक शब्द बोलला असता की 'झ्याक हायत', तर काम झालं असतं. त्यानं नक्षीचं एक ढेकूळ अंगठ्यानं दाबून हलवून बघितलं. मग म्हणाला, "काढा हे. चिखलात चांगले, डांबरावर डुलत्यात. जड हायत, उंच हायत, सुटतानी गाडी आळशी व्हती. कंपनीचे जुने असतील ते बसवा."

शिवहार मोठ्यांदा हसला. पाठीवर थाप मारून म्हणाला, भाऊ, तुमी कोणाच्या बाजूनं हाव हे आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक हाय. तुमी काढा म्हणता म्हणजे हेच ठेवले पाहिजेत. आणि ठेवून निघून गेला. बियाणेवाल्यानं पोतं खाली टाकलं आणि कोंडीबाला सांगितलं, की तुझ्यासारखा बावळट माणूस परभणीपर्यंत सापडायचा नाही. कोंडीबा म्हणाला, त्यानं टायरचं विचारलं, मी टायरचं सांगितलं.

शर्यतीच्या दिवशी लेआउटवर इतकी माणसं जमली की खेमाजीला वाटलं, प्लॉट आता उभ्या-उभ्या जातील. भजी, उसाचा रस, फुगे. ट्रॅक्टर उलटा चालवायची स्पर्धा आटोपली आणि मग सगळ्यांना ज्याची घाई होती ती जोडी रेघेवर आली. एकीकडं पांढरी छोटी, दुसरीकडं शिवहारचं धूड. हेल्मेट घातलेली संगिता काचेतून सरळ समोर बघत होती. कोंडीबा दोरखंडाबाहेर, सगळी हवा मोजून, रबरावर हात ठेवून आलेला.

तेवढ्यात दोन्हीकडच्या आया ताट घेऊन पुढं झाल्या. एवढं मोठं कार्य आणि गाडीची पूजा नाही, हे कसं चालेल? हळदीकुंकू झालं, अगरबत्ती झाली. शिवहारच्या आईनं पुढच्या दोन चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. कौशल्याबाईंनीही पुढच्या दोन चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, आणि पोरगी पोटची म्हणून नारळही तिथंच फोडला. कोंडीबानं हात वर केला, पण दिवा हिरवा झाला होता.

शिवहारची गाडी मागच्या चाकांनी ढकलणारी. पुढची लिंबं चिरडून ती डुलत डुलत निघून गेली. संगिताच्या नख लावून पारखलेल्या, खडूनं मोजलेल्या टायरांनी लिंबाचा रस आणि नारळाचं पाणी तुडवलं आणि ते जागेवरच गरागरा फिरायला लागले. गाडी नाचली, बोंबलली, पण हलली उशिरा. पहिली फेरी शिवहारची. मामा लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. गर्दीत लगेच कुजबुज, कौशल्याबाईनं मुद्दाम केलं, तिला जावई पाहिजे होता. मुद्दाम काही नव्हतं. त्या बाईनं उभ्या जन्मात गाडी कोणत्या चाकानं चालते याचा विचार केला नव्हता. बिचारी दुसऱ्या फेरीसाठी चार लिंबं घेऊन तयार उभी होती.

कोंडीबा दोरखंडाखालून आत गेला. आधी त्यानं ओल्या फडक्यानं पुढचे दोन्ही टायर स्वच्छ पुसले, मग कोरड्यानं. रेघेवर माती टाकून झाडून काढली. मग उभा राहून कौशल्याबाईंना म्हणाला, "मावशी, लिंबं मागच्या चाकाखाली ठेवा."

"मागं? देवाचं कधी मागं असतं व्हय?"

"नजर मागूनच लागती, मावशी. पुढून लागली असती तर आपुन बघितली नसती का?"

कौशल्याबाई घटकाभर विचारात पडल्या. मग पटलं. त्यांनी चारही लिंबं मागं ठेवली, एकेका चाकाखाली दोन-दोन. हेल्मेटच्या आत संगिता पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या फेरीत टायर कुजबुजले आणि धरले. शिवहारच्या गाडीनं आधी गुरगुर केली, मग मागं बूड टेकलं, मग त्या जड चाकांना फिरवत फिरवत ती कामाला लागली, तोवर पांढरी गाडी अर्ध्या वाटेवर होती. शेवटाला शिवहार जवळ आला, पण रस्ता संपला. तिसऱ्या फेरीच्या वेळी शिवहारच्या आईनंही लिंबं मागं ठेवायची ठरवली. शेजारीण बघून तसंच करायचं ही आपल्याकडची रीत. पण त्याची तर मागचीच चाकं गाडी ढकलणारी. कोंडीबा ओरडला, "काकू, तिथं नका ठेवू, तुमची पुढंच बराबर व्हती." त्याही बाई चपापल्या, लिंबं परत पुढं गेली. मामा लोकांनी कपाळावर हात मारला, की हा टायरवाला आहे तरी कोणाचा. तिसऱ्या फेरीत दोघांच्याही जोर लावणाऱ्या चाकांखाली ना लिंबू ना नारळ, फेरी निव्वळ रबरावर झाली आणि संगिता गाडीभर अंतरानं जितली.

शिवहार उतरला, हेल्मेट काढलं, आपल्या रुंद टायरांना एक लाथ घातली आणि सरळ कोंडीबाकडं आला. म्हणाला, "बायको गेली ते गेली, भाऊ, निदान टायर तरी बराबर बसवून द्या." कोंडीबानं तिथंच वाकून माप घेतलं.

शुक्रवारी संगिता मऊ टायर काढून पुन्हा टणक बसवायला आली. काट्याकुट्याच्या रस्त्यावर ते फार दिवस टिकले नसते. कोंडीबानं जॅक लावला, पहिलं चाक झालं, दुसरं चढवलं, नट हातानं फिरवून पान्हा घेतला. संगिता उलट्या टायरवर बसली होती. बियाणेवाल्यानं पावती-पुस्तकातून मान वर काढली नाही, पण लिहायचं थांबवलं.

"घरच्यांनी आता स्थळ आणायचं न्हाई, असं ठरलंय," ती म्हणाली.

"व्हय."

"मी आणायचं न्हाई, असं काई ठरल्यालं न्हाई."

कोंडीबाचा पान्हा नटावर थांबला. तो चाकाकडं बघतच म्हणाला, "माझं शिक्षण बारावी हाय, म्याडम."

"मी कुठं परीक्षा घेऊन राहिले? व्हय का न्हाई, तेवढं सांगा."

कोंडीबानं पहिला नट आवळला. मग समोरचा. मग डावीकडचा, मग उजवीकडचा, धंद्याच्या रीतीनं, आडवे-उभे. ढिले नट ठेवून माणसानं आयुष्याचं बोलू नये, असं त्याचं मत असावं. तोवर बियाणेवाल्यानं आपल्या गिऱ्हाइकाला हातानं खुणावून थांबवलेलं होतं. चौथा नट झाला. जॅक खाली आला. गाडी चारही चाकांवर टेकली.

"व्हय," कोंडीबा टायरला म्हणाला.

"इकडं बघून म्हणा," संगिता म्हणाली.

त्यानं मान वर केली आणि म्हटलं.